सोसायटीच्या गेटवरचं व्हिजिटर ॲप, दीड वर्ष वापरून: गेटला चार स्टार, मावशींच्या माहितीला एक

आमची सोसायटी पुण्यात वारज्यात आहे, तीन विंग, ११२ फ्लॅट. जून २०२४ पासून गेटवर हे व्हिजिटर ॲप आहे आणि मी कमिटीत खजिनदार असल्याने बिल भरण्यापासून वॉचमनकाकांना शिकवण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे हा रिव्ह्यू वरवरचा नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. ॲप घेण्याआधी आम्ही आणखी तीन कंपन्यांचे डेमो बघितले होते, आणि मला जे खटकलं ते त्या तिन्हींत जवळपास तसंच होतं, म्हणून एकीचंच नाव घेऊन काही फायदा नाही.

आधी आमच्याकडे वही होती. तीच ती लांब रेघांची, दोरीला बांधलेलं पेन, नाव, फोन नंबर, कोणाकडे, किती वाजता, सही. त्या वहीत येणारा प्रत्येक माणूस आधीच्या वीस जणांचे नंबर वाचू शकायचा आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. मग २०२३ च्या दिवाळीत पार्किंगमधून दोन सायकली आणि एका स्कूटरची बॅटरी गेली, वही चाळली तर त्या दिवशीच्या अर्ध्या नोंदी वाचता येत नव्हत्या, एकाने तर फोन नंबरच्या रकान्यात नुसती रेघ मारली होती. तेव्हा ॲप घ्यायचं ठरलं. फ्लॅटमागे महिना २० रुपये, वर्षाचे आगाऊ.

चांगलं आधी सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. डिलिव्हरीवाला गेटवर आला की फोनवर विचारतं, हो म्हटलं की आत, नको म्हटलं की पार्सल गेटवरच ठेवून घेतात. पाहुणे येणार असतील तर आधीच कोड पाठवता येतो, आमच्याकडे गौरी-गणपतीत चाळीसेक माणसं येऊन गेली आणि गेटवर कोणालाही उभं राहावं लागलं नाही, हे पहिल्यांदाच झालं. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, मला वाटलं होतं त्यांना हे जमणार नाही, पण ॲप नसेल तर सरळ फोन येतो आणि एक दाबलं की परवानगी, ते त्यांना दोन दिवसांत जमलं आणि आता तर आवडतं. रात्री रुग्णवाहिका बोलावली तर गेटवर सूचना जाते आणि काका आधीच फाटक उघडून ठेवतात, हे आम्ही एकदा अनुभवलंय, त्या रात्रीची दोन मिनिटं कशी महत्त्वाची होती ते मी विसरणार नाही. अडचणी म्हणाल तर सकाळी सात ते नऊ गेटवर गर्दी होते, काकांच्या फोनला बी विंगच्या कोपऱ्यात रेंज नसते, आणि पावसात स्क्रीनला बोट लागत नाही. चालायचंच. एवढंच असतं तर मी चार स्टार देऊन विषय संपवला असता.

आता खटकलेलं.

पहिल्यांदा ॲप टाकलं तेव्हाच त्याने माझे सगळे कॉन्टॅक्ट मागितले. गेट उघडायला माझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट कशाला हवेत? पाहुण्याला कोड पाठवायला सोपं जातं म्हणे. मी नाही म्हटलं आणि नंबर हाताने टाकते, काही अडत नाही, तुम्हीही तेच करा. नंतर डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाचायला घेतला तर त्यात अगदी हेच उदाहरण दिलेलं सापडलं. एक बाई टेलिमेडिसिनचं ॲप घेते, ॲप उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं, ती दोन्हीला हो म्हणते, तरी कायदा म्हणतो की तिची संमती फक्त उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची, कारण कॉन्टॅक्ट लिस्टची तिथे गरजच नाही. म्हणजे चुकून हो दाबलं तरी ते जास्तीचं हो धरायचं नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण आपण सगळेच घाईत हो हो दाबत जातो.

पण माझा खरा मुद्दा कॉन्टॅक्टचा नाही. माझ्याकडे फोन आहे, मी नाही म्हणू शकते. ॲपमध्ये रोज कामाला येणाऱ्यांचा 'डेली हेल्प' असा वेगळा विभाग आहे, त्यात धुणीभांडीवाल्या मावशी, स्वयंपाकाच्या ताई, गाड्या पुसणारी मुलं, पेपरवाले, सगळे. प्रत्येकाचा फोटो, नाव, मोबाइल नंबर, कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम करतात, रोज गेटमधून किती वाजता आत आले आणि किती वाजता बाहेर गेले, आणि त्याखाली रहिवाशांनी दिलेले स्टार. हे ११२ च्या ११२ घरांना दिसतं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना मात्र दिसत नाही, कारण ॲप रहिवाशांचं, त्यांच्या फोनमध्ये ते चालतच नाही. आमच्याकडे अशी ६० च्या वर माणसं नोंदलेली होती आणि त्यातल्या एकालाही आपल्या नावाखाली काय लिहिलंय ते माहीत नव्हतं.

मलाही आधी यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे लिहिलंच पाहिजे. उलट मावशी गेटमधून आत आल्या की फोन टिंग करायचा आणि मी दूध गॅसवरून उतरवून ठेवायचे.

मग एक दिवस मावशी कामाला आल्या त्या गप्पगप्प. भांडी घासता घासता म्हणाल्या, ताई एक विचारू का, मी काल बी विंगच्या वहिनींकडे सुट्टी सांगितली होती, पाठ धरली होती म्हणून, फक्त तुमच्याकडचं झाडूपोछा करून गेले, तर त्यांना कसं कळलं मी आले होते? आज मला म्हणाल्या खोटं बोलतेस. मी काय सांगणार. ॲपने सांगितलं होतं. सकाळी ८.४० ला गेटमधून आत, ९.२५ ला बाहेर, सगळं वहिनींच्या फोनमध्ये. त्या मावशींचा एक स्टारही गेला त्यात, साडेचारवरून साडेतीनवर आल्या, आणि पुढच्या महिन्यात सी विंगमध्ये एका नव्या घरी त्यांना काम मिळणार होतं ते मिळालं नाही. स्टार बघूनच मिळालं नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही पण त्या घरातल्या ताईंनी मला विचारलं होतं, हिला रेटिंग कमी का आहे गं.

एका बाईची पाठ दुखते, ती चारपैकी तीन घरी सुट्टी घेते, हे तिचं आणि त्या त्या घरचं आहे. सोसायटीचं त्यात काय?

दुसरी गोष्ट मे २०२५ ची. शाळेला सुट्ट्या होत्या, मावशी घराची किल्ली घरी ठेवायला विसरल्या म्हणून त्यांची मुलगी किल्ली न्यायला गेटवर आली, नववीत जाणारी पोर. काकांनी शिकवल्याप्रमाणे फोटो काढला आणि व्हिजिटरऐवजी चुकून डेली हेल्पमध्ये नोंद केली. झालं. संध्याकाळी ॲपवर ती मुलगी 'नवीन मदतनीस, काम हवे आहे' अशी फोटोसकट दिसायला लागली, आणि दोन घरांनी मावशींना विचारलंसुद्धा की मुलगी कधीपासून येणार. मावशी रडायच्या बाकी होत्या. ताई, तिला मी या कामात नाही आणणार, ती शिकतीये.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे, डिलीट करून टाकू. पाच आठवडे लागले.

गेटच्या फोनवरून पुसता येईना. माझ्याकडे कमिटीचं ॲडमिन लॉगिन आहे, त्यातून 'इनॅक्टिव्ह' करता आलं पण फोटो आणि नोंद तशीच राहिली, शोधलं की दिसायची. मग कंपनीला मेल. दहा दिवसांनी उत्तर आलं की ही माहिती तुमच्या सोसायटीची आहे, तुमच्या ॲडमिनशी संपर्क करा. ॲडमिन मीच! मी परत लिहिलं की मीच ॲडमिन आहे, माझ्याकडे पुसायचं बटण नाही. मग कस्टमर केअरच्या मुलाने फोन करून सांगितलं की मॅडम रेकॉर्ड डिलीट केलं तर ऑडिटला प्रॉब्लेम येईल. कसलं ऑडिट ते त्यालाही सांगता येईना, बिचारा त्याला जे लिहून दिलंय ते वाचत होता. चौथ्या मेलमध्ये मी ही मुलगी १८ वर्षांखालची आहे, तिच्या आईची परवानगी नव्हती, असं ठळक लिहून कायद्याचं कलम ९ टाकलं, तेव्हा कुठे दोन दिवसांत फोटो गेला.

या पाच आठवड्यांत मी हा कायदा पूर्ण वाचला, आधी रागाने आणि मग खरंच रस वाटून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात मला जे कळलं ते प्रत्येक सोसायटीच्या कमिटीला कळायला हवं म्हणून जरा सविस्तर लिहिते. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो त्याला कायदा डेटा फिड्युशरी म्हणतो, म्हणजे विश्वासाने माहिती सांभाळणारा. आणि त्याच्या सांगण्यावरून जो ती माहिती साठवतो, चाळतो, तो प्रोसेसर. आता गेटवर फोटो काढायचा, नंबर घ्यायचा हे कोणी ठरवलं? आम्ही. कमिटीने ठराव करून. म्हणजे फिड्युशरी आमची सोसायटी, आणि ॲपची कंपनी निदान या कामापुरती आमची प्रोसेसर (कंपनी तीच माहिती स्वतःच्या जाहिरातींसाठी वापरत असेल तर ती स्वतःही फिड्युशरी झाली, ते वेगळं). आणि कलम ८ सरळ म्हणतं की कोणताही करार असो, प्रोसेसरने केलेल्या कामाची जबाबदारीसुद्धा फिड्युशरीचीच. ती जबाबदारी सेल्समनने डेमोत सांगितली नव्हती आणि आम्हीही विचारली नव्हती. माहिती नीट सुरक्षित ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत, मुलांच्या माहितीबाबतची बंधनं मोडली तर २०० कोटींपर्यंत. हे कमाल आकडे मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत, सोसायटीला कोणी २५० कोटी मागणार नाही, पण आमचे चेअरमन आकडा ऐकून पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले हे खरं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी मेलमध्ये कलम ९ टाकलं तेव्हा ते लागू झालेलं नव्हतं, आणि आजही नाही. कायदा २०२३ चा, पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि त्यातही तक्रारी बघणारं डेटा संरक्षण बोर्ड लगेच, बाकी मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. तोपर्यंत आयटी कायदा २००० चं कलम ४३-अ आणि २०११ चे नियम यांच्यावरच भागवायचं. त्या २०११ च्या नियमांत पासवर्ड, बँकेची माहिती, तब्येतीची माहिती आणि बायोमेट्रिक ही संवेदनशील धरली आहे आणि ती घ्यायची तर लेखी संमती लागते. बायोमेट्रिकच्या व्याख्येत चेहऱ्याची ठेवणसुद्धा आहे. म्हणून कंपनीने मध्यंतरी चेहरा दाखवून हजेरी लावायचं मशीन फुकट देऊ केलं तेव्हा मी साफ विरोध केला. साधा फोटो वेगळा आणि चेहरा मोजून ओळख पटवणारं मशीन वेगळं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, मावशींनी चेहरा कुठून बदलायचा?

गंमत नाही, पण एक विचित्र गोष्ट लक्षात आली, की हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. आमची जुनी दोरीवाली वही त्याच्या बाहेर. आणि मी माझ्या घरी कॅलेंडरवर मावशींचे खाडे लिहिते तेही बाहेर, कारण घरगुती आणि वैयक्तिक वापराला सूट आहे. मला हे बरोबर वाटतं. माझ्या कॅलेंडरवरचा खाडा माझ्या स्वयंपाकघरात राहतो. तोच ११२ फोनमध्ये गेला की त्याचं वजन बदलतं.

सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत मी हा विषय अजेंड्यावर घेतला. (सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, नेहमी हिशेब, लिफ्ट आणि पार्किंग यातच तीन तास जातात, यावेळी चक्क चाळीस मिनिटं यावर बोलणं झालं.) पहिला आवाज आला तो अपेक्षित होता, सेफ्टीसाठी आहे हे सगळं, तुम्हाला चोऱ्या हव्यात का. मी म्हटलं सेफ्टीसाठी गेटवर कोण आलं हे कळणं पुरे आहे, पाठदुखी कळायची गरज नाही. आणि मग मी फोन टॅपिंगचं सांगितलं. आपल्या देशात सरकारला फोन ऐकायचा असेल तरी १८८५ च्या तार कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता अशी अट होती, आणि डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याची पद्धत घालून दिली की गृहसचिवांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा, आदेश दोन महिने चालेल, वाढवत नेला तरी एकूण सहा महिन्यांच्या वर नाही, आढावा समिती तपासेल. आणि आपल्याच मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनित कुमार यांच्या खटल्यात, सीबीआयची लाचखोरीची केस असूनसुद्धा, टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ऐकलेलं सगळं नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आहे असं काही तिथे नव्हतंच. नुसतं सुरक्षितता म्हणून चालत नाही, ती खरंच कुठे धोक्यात आहे ते दाखवावं लागतं. सीबीआयच्या संशयितावरच्या पाळतीलाही मुदत असते आणि आमच्या मावशींच्या येण्याजाण्याच्या नोंदी जून २०२४ पासून एकही न पुसता पडून होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या, तारीखवार. सभेत शांतता झाली जरा.

सोसायटी म्हणजे सरकार नाही, हे मला माहीत आहे, तो निकाल आम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. एका काकांनी तेच म्हटलं आणि ते बरोबर होते. पण कारण विचारायचं, मुदत ठरवायची, कोणीतरी तपासायचं, ही रीत घ्यायला काय हरकत आहे.

दुसरा आवाज मात्र मला लागला. एक ताई म्हणाल्या, अहो त्यांना कुठे प्रायव्हसीचं पडलंय, त्यांना पगार वेळेवर मिळाला की झालं, हे सगळे आपले चोचले. वाईट मनाने नाही म्हणाल्या, त्या स्वतः त्यांच्याकडच्या मुलीची फी भरतात. पण नेमका हाच युक्तिवाद सुप्रीम कोर्टात झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायमूर्ती, एकमताने, ५४७ पानं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध २०१२ मध्ये याचिका केली होती त्यातून तो प्रश्न वर आला. त्या खंडपीठात आपल्याकडचे न्या. धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. खाजगीपणा हे वरच्या वर्गाचं खूळ आहे, गरिबांना अन्न आणि योजना हव्यात, असं म्हणणं तिथे मांडलं गेलं आणि न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात ते साफ नाकारलं गेलं, हक्क गरीब-श्रीमंत बघून मिळत नाहीत आणि गरिबाला फक्त पोटाची चिंता असते असं धरून चालणं बरोबर नाही, असा त्याचा आशय. मी सभेत एवढंच म्हटलं की आपल्या सोसायटीत माझ्याकडे पहिल्यांदा या ॲपची तक्रार कोणी केली असेल तर ती मावशींनी. आपण ११२ घरं सव्वा वर्ष गप्प होतो.

ठराव झाला, बहुमताने, एकमताने नाही. डेली हेल्पचे फोन नंबर फक्त त्या त्या घरालाच दिसतील. येण्याजाण्याची वेळ फक्त गेटवर आणि कमिटीकडे, इतर घरांना नाही. स्टार बंद. एक वर्षाच्या वरच्या नोंदी पुसायच्या. गेटवर कोणाच्याही आधारकार्डाचा फोटो काढायचा नाही, जे आधी काढले होते ते पुसायचे. आधारचं म्हणाल तर खाजगी कंपन्यांना ते वापरू देणाऱ्या आधार कायद्याच्या कलम ५७ च्या भागाला कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्येच घटनाबाह्य ठरवलंय, तरी गेटवर अजूनही आधार दाखवा चालू असतं. कोणाला द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं. आमच्या गेटच्या फोनमध्ये गॅलरीत २३ आधारकार्डांचे फोटो सापडले. तो फोन रात्री खुर्चीवर पडून असतो, लॉक नसतो. मी स्वतः बसून पुसले.

आता ॲपबद्दल, कारण हा ॲपचा रिव्ह्यू आहे. स्टार बंद करायचं सेटिंग ॲपमध्ये होतं! पहिल्या दिवसापासून होतं, ॲडमिनच्या तिसऱ्या पानावर तळाला, पण येताना ते चालू करूनच दिलं होतं आणि ट्रेनिंगला आलेल्या मुलाने त्याचा उल्लेखही केला नाही. नंबर लपवायचंही सेटिंग होतं. वेळ लपवायचं नव्हतं, ते कंपनीने आमच्या लेखी विनंतीनंतर महिन्याभरात करून दिलं, याचं श्रेय त्यांना देते. जुन्या नोंदी आपोआप पुसायचं अजून नाही, दर तीन महिन्यांनी मेल टाकावा लागतो. खाजगीपणाचं धोरण इंग्रजीतच आहे. नव्या कायद्यात सूचना आणि संमती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत मागता येईल असं आहे, म्हणजे मराठीत मिळायलाच हवं. मी मराठीत मागितलं, मे २०२७ च्या आत करतो असं उत्तर आलं. त्या तारखेची मी वाट बघणार आहे.

एक काळजी मात्र कुठल्याही सेटिंगने जात नाही. या कायद्यात सरकारला मोठी सूट आहे, कलम १७ प्रमाणे सरकार आपल्या यंत्रणांना यातून वगळू शकतं आणि कलम ३६ प्रमाणे माहिती मागवू शकतं. न्या. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला होता त्यात सरकारवर यापेक्षा जास्त बंधनं होती, पुढे ती सैल होत गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझं मत साधं आहे, जी माहिती गोळाच केली नाही ती कोणाच्या हाती पडत नाही. कमी घ्या.

तुमच्या सोसायटीत हे ॲप किंवा दुसरं कुठलं येणार असेल तर सेल्समनला गाड्यांच्या स्टिकरचं आणि मेंटेनन्सच्या पावतीचं नंतर विचारा. आधी विचारा की एखाद्या माणसाची नोंद पूर्ण पुसायची तर कोणी, कुठून, किती दिवसांत पुसायची, आणि ते डेमोतच करून दाखवायला सांगा. काम सोडून गेलेल्या माणसाचं काय होतं ते विचारा. करार संपला तर माहिती परत देणार की पुसणार ते करारात लिहून घ्या, आमच्या पहिल्या करारात याबद्दल एक ओळही नव्हती, नूतनीकरणात घालून घेतली. आणि जाहिराती. आमच्याकडे नवीन भाडेकरू आले की आठवड्यात त्यांना पडदे आणि इंटरनेटवाल्यांच्या ऑफर ॲपमध्ये दिसायला लागतात, ते बंद करता येतं पण प्रत्येकाने आपापलं करायचं.

ठरावानंतर मी मराठीत एक पानी संमतीपत्र तयार केलं, काय माहिती घेतो, कशाला, कोणाला दिसते, नको असेल तर कोणाला सांगायचं. नको म्हटलं तरी काम जाणार नाही, त्यांचं नाव वहीत लिहिलं जाईल, हे वर मोठ्या अक्षरात. चार रविवार क्लबहाउसमध्ये बसून एकेकाला वाचून दाखवलं. सात जणांनी वही निवडली. गाड्या पुसणाऱ्या एका मुलाने विचारलं की माझा नंबर आत्तापर्यंत कोणी कोणी बघितला ते सांगता येईल का, आणि मला सांगता आलं नाही, कारण ॲप ती नोंद ठेवतच नाही.

तो कायदा वाचताना एक गोष्ट मला फार आवडली होती, त्यात माणसाचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे, तिची माहिती, तिची संमती, तिचा हक्क, आणि व्याख्येत लिहून ठेवलंय की 'ती' म्हणजे कुठल्याही लिंगाची व्यक्ती. मावशींना मी हे सांगितलं. त्यांनी पान दोनदा वाचायला लावलं, मग विचारलं, यात चूक असेल तर बदलता येते ना? म्हटलं हो, दुरुस्त करून मागायचा हक्क आहे. मग म्हणाल्या, माझं नाव बघा काय लिहिलंय. ॲपमध्ये त्यांचं नाव होतं 'मावशी बी ४०२'. ते त्याच संध्याकाळी बदललं, आता त्यांचं आडनावासकट पूर्ण नाव दिसतं. फोटो मात्र अजून पहिल्या दिवसाचाच आहे, जून २०२४, भर पावसात गेटवर काढलेला, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी घरून नवा फोटो आणून दिलाय, भाचीच्या लग्नातला. तो बदलायची विनंती टाकून आज नऊ दिवस झाले.